त्रेचाळीस जणांचं रजिस्टर

अमेरिकेत, डॅलसजवळच्या अर्विंगमधल्या मराठी मंडळींत संघमित्राची ओळख 'ती मिलिटरीवाली' अशी आहे. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला मसालेभाताचं भलंमोठं पातेलं ती एकटी उचलून आणते, तेही वेळेच्या पाच मिनिटं आधी, जेव्हा यजमानांची आंघोळसुद्धा व्हायची असते. अमेरिकी सैन्यात ती काही बंदुकीच्या हौसेनं गेली नव्हती. नागपूरहून शिकायला आली, तेव्हा हिंदी-उर्दू येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना भरती करून झटपट नागरिकत्व द्यायची एक योजना होती. डोक्यावर व्हिसाची टांगती तलवार असलेल्या मुलीला तेवढं पुरे होतं. मग भाषेसाठी घेतलेल्या या मुलीला सैन्यानं पाठवलं इराकला, सामानाच्या कोठारावर, जिथं या दोन्ही भाषांचा काडीचा उपयोग नव्हता.

तिचा तळ एका गावात होता, शिया वस्ती आणि सुन्नी वस्तीच्या मधोमध. दोघांत वर्षानुवर्षं इतकं रक्त सांडलेलं, की मध्ये काँक्रीटची भिंत घातली होती. तळावर धुणं, स्वयंपाक, जनरेटर अशा कामांना दोन्हीकडची त्रेचाळीस माणसं येत. नावावरून पंथ कळतो, म्हणून बहुतेकांच्या पासावर टोपणनाव असे. खरी नावं आणि पत्ते फक्त रजिस्टरात. ते संघमित्राच्या ताब्यात होतं, पण ती मुद्दामच त्यातली नावं लक्षात ठेवत नसे. नाव कसं अंगाशी येतं हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिचे वडील राजाराम रेल्वेत होते. पुण्याला बदली झाली तेव्हा त्यांनी आडनाव सांगितलं, की रिकामी खोली नेमकी 'कालच गेलेली' असायची.

मग सैन्य मागे घ्यायचं ठरलं. महिनाभर नुसती आवराआवर चालली होती. रजिस्टरची एक प्रत मुख्यालयात पाठवायची आणि दुसरी तळाचा ताबा घेणाऱ्या स्थानिक तुकडीला द्यायची, असा हुकूम आला. ती तुकडी सगळी एकाच पंथाची होती. दुसऱ्या पंथाच्या माणसांचे पत्ते त्यांच्या हाती आयते पडले असते, आणि मुख्यालयातली प्रतही मागितल्यास त्यांना मिळाली असती. संघमित्रानं मूळ रजिस्टर आणि दोन्ही प्रती कचऱ्याच्या भट्टीत टाकल्या आणि राख होईपर्यंत तिथंच उभी राहिली. घाईगडबडीत सगळं गहाळ झालं, असं तिनं वरिष्ठांना सांगितलं. त्यांनाही घरी जायची घाई होती.

पुढची बारा वर्षं ती या गोष्टीवर मनातून खूश होती. आपण त्रेचाळीस जीव वाचवले, असं तिनं नवऱ्याला, प्रफुल्लला, लग्नाआधीच सांगून टाकलं होतं, आणि त्यात थोडी फुशारकीही होती.

गेल्या वर्षी अम्मानहून एक ईमेल आला. तळावर 'नूर' नावानं कपडे धुणाऱ्या बाईंचा. निर्वासित म्हणून अमेरिकेत यायचा त्यांचा अर्ज अडकला होता. तळावर काम केल्याची कुठंही नोंद नाही, सहा आठवड्यांत पुरावा द्या, नाहीतर अर्ज बंद, असं त्यांना कळवण्यात आलं होतं. संघमित्रानं वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, नुसतं 'मी या बाईंना ओळखते' लिहून भागणार नाही, नोंद का नाही तेही सांगावं लागेल. आणि संघमित्रा आता डॅलसला सरकारी नोकरीत होती. सरकारी कागद जाळल्याची कबुली दिली, तर त्या नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं.

"यार, रेकॉर्ड मिसिंग आहे एवढंच लिही ना," प्रफुल्ल म्हणाला. "कोणी केलं ते कशाला? माझ्या कंपनीत पुन्हा लेऑफ चाललेत."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. तेवढंच लिहायचं असं ठरवून तिनं शनिवारी सकाळी बाईंना व्हिडिओ कॉल केला. पण समोर तो थकलेला चेहरा पाहिला आणि तिच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. शेवटी ती म्हणाली, तुम्हा लोकांना वाचवायलाच जाळलं.

बाई मोडक्या इंग्रजीत शांतपणे बोलल्या. "पोरी, ती यादी कुणाला लागलीच नाही. रोज सकाळी तुमच्या फाटकातून आत कोण जातं, ते दोन्ही गल्ल्या बघत होत्या. तुम्ही गेलात आणि आठवड्यात स्वयंपाकघरातल्या दोघांना उचललं. पुढं आणखी तिघांना. कुणीही परत आलं नाही."

संघमित्राला पुण्याची ती खोली आठवली. वडिलांनी एकदा आडनाव न सांगता खोली मिळवली होती, तरी पंधरा दिवसांत सगळ्या आळीला कळलं होतं. हे ठाऊक असूनही तिनं रजिस्टर जाळलं. त्यामुळं एकही माणूस वाचला नव्हता. त्या माणसांपाशी होता तो एकमेव पुरावा मात्र गेला होता. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून.

कॉल तसाच चालू ठेवून तिनं लॅपटॉप ओढला आणि पहिलंच वाक्य लिहिलं, की रजिस्टर मी जाळलं. प्रफुल्लनं मागून वाचलं. तो स्वयंपाकघरातून दुसरी खुर्ची आणून शेजारी बसला.

मग तिनं बाईंना त्यांचं खरं नाव विचारलं. हदील, आणि पुढं वडिलांचं, आजोबांचं नाव. ते लिहून झाल्यावर ती म्हणाली, "बाकीच्यांचीही सांगा. आठवतील तेवढी सगळी या पत्रात घालते."



"मग आधी ते पाच लिही," हदीलबाई म्हणाल्या. "त्यांच्यासाठी अर्ज करायला कुणी उरलं नाही."