हळू आपट, गोपिकाबाई

आमच्या शेजारची गोपिकाबाई जेलमधून सुटून आली, त्या दिवशी सगळ्या गल्लीला अंगणात काम निघालं. कोणी तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घातलं, कोणी पुसलेली गाडी परत पुसली. तिनं नवऱ्याच्या डोक्यात वरवंटा घातला होता. त्याआधी नवऱ्यानं तिचं काय काय मोडलं, ते आम्ही भिंतीआडून वर्षानुवर्षं ऐकलं होतं. साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा मात्र घरोघरी नेमके पाहुणे आले.

शिक्षा भोगून झाली, पोट भरायचं राहिलं. धुणंभांडी कोणी देईना. समोरच्या कुसुमताई माझ्या बायकोला म्हणाल्या, "बाई चांगली आहे वं, पण आमच्या घरी वरवंटा आहे ना."

शेवटी उमरेड रोडवरच्या नत्थूजींनी तिला भोजनालयात ठेवलं. त्यांना लंबी रोटी करणारी बाई मिळत नव्हती. या रोटीला लाटणं लागत नाही. सैल कणीक परातीत आपटून आपटून रबरासारखी करायची, हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायची. गोपिकाचा हात त्यात तयार. नत्थूजींची अट एकच.

"जेलचं मले सांगितलं ते ठीक. गिऱ्हाइकाले नको सांगू. महिनाभर पाहतो, मंग कायम करतो."

ही अट आमच्या गल्लीला लागू नव्हती. कुसुमताईंचा सौरव तिथे जेवायला गेला. गोपिका कणीक आपटत होती. भरल्या टेबलांमधून हा म्हणाला, "वहिनी, दमानं घ्या. भाऊ तर एकाच दणक्यात गेले होते."

लोकांनी विचारलं, त्यानं रंगवून सांगितलं. सगळे पोट धरून हसले आणि हसत हसत चुलीपासून लांबच्या टेबलांवर सरकले.

"हळू आपट वं, गोपिकाबाई," नत्थूजी म्हणाले. "लोक घाबरून राहिले."

"हळू आपटली तर कणीक लांबत नाही, भाऊ. फाटते."

"फाटली तर फाटली. आवाज नको."

तिला कायम व्हायचं होतं. ती तान्ह्या पोराला थोपटावं तशी कणीक थोपटू लागली. रोट्या मडक्यावर जाता जाता फाटायच्या. ताटं परत यायला लागली.

"तुले रोटी येते म्हणून ठेवलं ना? मले काहून बुडवून राहिली?"

"तुम्हीच म्हणाले होते, भाऊ."

"हळू म्हटलं होतं. फाड म्हटलं होतं का?"

महिना भरायच्या आत तिला काढलं.

आता तिथे श्वेता नावाची बाई आहे. अशी आपटते की टेबलावरचे गिलास उडतात. सौरव ताटावरून मान वर करून म्हणतो, "याले म्हणतात हात."

आमच्या भिंतीपलीकडून आता आपटल्याचा आवाज येत नाही. गोपिका दोन्ही वेळा भातच शिजवते. गल्लीचं म्हणणं, जेलची सवय लवकर जात नाही.