शिट्टीवालं गाणं आणि भिंतीपलीकडची बैठक

अख्ख्या कोपरखैरण्यात प्रोग्रेसिव्ह रॉक समजून ऐकणारा पहिला माणूस मी. इंग्रजी मला फक्त कंपनीतल्या स्विचबोर्डावरचं 'डेंजर' तेवढं वाचता यायचं, आणि ते पण खालची कवटी बघून.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे सोसायट्या-बिसायट्या नव्हत्या. एका ओळीत बांधलेल्या खोल्या, मधली भिंत दोन घरांत एक. शेजाऱ्याने फोडणी टाकली की शिंका आम्हाला. मागे गवत, गवताच्या पलीकडे खाडी. आता तिथे सात मजले उभे आहेत आणि शेजारी कोण राहतो ते लिफ्टमध्ये पण कळत नाय. मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात हेल्पर होतो. शाळा सातवीत सुटली, म्हणजे खरं तर शाळाच माझ्यापासून सुटली. घरात मी आणि आई.

कारखान्यात माझा एक दोस्त होता, उरणकडच्या खाडीकाठच्या मुसलमान घरातला. त्याचा मोठा भाऊ आखातात नोकरीला. तो सुट्टीवर आला तेव्हा टू-इन-वन रेडिओ-टेप आणि पिशवीभर कॅसेटी घेऊन आला. दोस्ताच्या अब्बांना तो आवाज सहन होईना. म्हणून एक दिवस दोस्त ते सगळं सामान घेऊन माझ्या दारात.

"ठेव तुझ्याकडे. भाई बोलतो याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात."

"म्हणजे काय?"

"म्हणजे लवकर संपत नाय."

खरंच संपत नव्हतं. एक गाणं म्हणजे कॅसेटची एक बाजू. आधी नुसता वारा. मग लांब कुठेतरी पेटीसारखं काहीतरी. मग ड्रम. मग गिटार कुठल्या कुठे निघून जायची, वाटायचं गेली, आता परत येत नाय. आई भाजी निवडत बसली होती. भाजी निवडून झाली, चिरून झाली, तेव्हा तिने विचारलं, "गाणं कधी चालू होनार?"

पण मला ते आवडायला लागलं. का ते नाय सांगता येणार. कारखान्यात दिवसभर एकच ठोका ऐकायचो, तिथे हे लोक ठोका मोडून परत जोडायचे. त्यात गाण्याच्या मधोमध, ड्रम पडायच्या थोडं आधी, तीन शिट्ट्या यायच्या. लांबलचक, वाफेच्या. मी कँटीनमध्ये सगळ्यांना समजावून सांगायचो, "बघा, काय डोकं लावलंय. शिट्टी, शिट्टी, शिट्टी आणि मग धडाम." लोक माझ्याकडे मान हलवून बघायचे. मला वाटायचं, इज्जत वाढली.

दोस्ताचा भाऊ पुढच्या सुट्टीला आला तेव्हा मी त्याला पण समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग बोलला, "अरे येड्या, दोन टेप समोरासमोर ठेवून कॉपी केलीय ती. आमच्या रूमवर. ती शिट्टी आमच्या डाळीची हाय."

महिनाभर कँटीनमध्ये मी दिसलो की कोणतरी विचारायचं, डाळ शिजली का. खोटं कशाला बोलू, आता नातू मोबाईलवर तेच गाणं लावून देतो, एकदम स्वच्छ, पण शिट्टीच्या जागी माझा कान थांबतोच.

आता भिंतीपलीकडचे काका. गिरगावातली चाळ सोडून मुलाकडे राहायला आलेले, ऑफिसात क्लार्क होते, रिटायर झालेले. त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात गवसणी घातलेला तंबोरा. आमचा टेप मोठा झाला की ते भिंतीवर टकटक करायचे, मी आवाज कमी करायचो, एवढीच ओळख. एका रविवारी टकटक भिंतीवर न होता दारावर झाली. मी तोंड पाडून उभा राहिलो.

"कमी करतो, काका."

"करू नको. परत पहिल्यापासून लाव."

काका आमच्या खाटेवर बसले. डोळे मिटले आणि बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायला लागले. बाजू संपेपर्यंत उठले नायत. मग बोलले, "सात मात्रा आहेत रे. आपल्या रूपक तालासारख्या."

मी टेपच्या मागे वाकून बघितलं. मला वाटलं कंपनीचं काही लिहिलंय.

"तिकडे नाही, गाढवा. ऐकण्यात." मग ते जरा हसले. "गोरेसुद्धा गावभर हिंडून शेवटी घरी येतात की. ही एवढी बाजू तू बसून ऐकतोस?"

"रोज."

"मग तुला बसता येतं. उद्यापासून, नको, पुढच्या रविवारी सकाळी माझ्याकडे ये."

काकांकडे रविवारी त्यांच्या जुन्या चाळीतले चार-पाच जण वाशीचा पूल ओलांडून बसने यायचे. चहा व्हायचा, मग कॅसेट लागायची, शास्त्रीय. मला दारात, चपलांच्या शेजारी जागा मिळाली. तुम्हाला काय वाटतं ते वाटू दे, पण मला तोपर्यंत कोणी 'बस' असं बोललंच नव्हतं. शाळेत बाकावर उभा, कारखान्यात 'हो बाजूला'. चपलांपाशी का होईना, ती जागा माझी होती आणि ती मला कशी पण टिकवायची होती.

काका शिकवायचे थोडं थोडं. "गाणारा हिंडून हिंडून जिथे परत येतो ती सम. ती आली की मांडीवर हात आपोआप पडतो. पडला नाही तर समजायचं, तू अजून ऐकलंच नाहीस."

माझा हात पडायचा, पण बाजूच्याचा बघून. एक घास उशिरा.

मग काकांनी मला एक जुनी कॅसेट दिली. "आमच्या चाळीत एका बाईंची बैठक झाली होती, तिची आहे. पावसाळा संपला की याच बाई इथे येऊन गाणार आहेत. हाच राग गा म्हणून मी सांगितलंय. तोवर मुरव."

मी मुरवली. रोज. बाईंचा आवाज बारीक, कॅसेट घासलेली, पण एक गोष्ट स्पष्ट ऐकू यायची. कोणतरी रसिक माणूस आधी घसा खाकरायचा आणि मग लांबवून बोलायचा, "क्या... बात है." बाई जरा थांबल्या की हा खाकरलाच. मला वाटलं, सापडलं. डाळीच्या शिट्टीनंतर मी हुशार झालो होतो. शिट्टी गाण्यातली नसते हे मला कळलं होतं, पण दाद तर गाण्याचीच ना? आणि खाकरणं पण रिवाजातलं असणार, देवळात शिरताना घंटा वाजवतो तसं. मी दोन्ही पाठ केलं. आंघोळ करताना प्रॅक्टिस करायचो. आईने रोज हळदीचं दूध द्यायला सुरवात केली.

बैठकीच्या रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून चपलांपाशी बसलो. खोली भरलेली. बाई वयस्कर, साधी सुती साडी, मांडीवर तंबोरा. गायला लागल्या. मला त्यातलं काही ऐकू आलं नाय, मी फक्त त्या कधी थांबतायत ते बघत होतो. आणि त्या थांबल्या.

मी घसा खाकरला. भरपूर. "क्या... बात है."

बाईंच्या हातात पाण्याचा पेला होता, तो तोंडापाशी तसाच राहिला. तबलेवाल्याने मान खाली घातली, त्याचे खांदे हलत होते.

बाई बोलल्या, "पाणी गोड आहे हो, पण इतकं नाही."

चाळीतले एक आजोबा काकांकडे वळले. "हा तुमची नक्कल करतोय का हो? तेच खाकरणं, हुबेहूब."

काकांचे कान लाल झाले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कॅसेटमधला तो रसिक माणूस म्हणजे काकाच. अख्ख्या खोलीला तो आवाज माहीत होता, एक मी सोडून. आणि मी त्यांच्याच घरात, त्यांच्याच माणसांसमोर, त्यांचंच खाकरणं त्यांना ऐकवलं होतं.

पळून गेलो असतो, पण माझ्या चपला पाहुण्यांच्या चपलांखाली गेल्या होत्या. बाई परत गायला लागल्या. मी खाली बघत, तोंड घट्ट मिटून बसलो. आता दाद द्यायची नव्हती, कुठे थांबतायत ते बघायचं नव्हतं, जागा तर गेलीच होती. म्हणून नुसतं ऐकत बसलो. बाईंचा आवाज निघाला, वर गेला, त्या गिटारसारखा कुठल्या कुठे गेला, मला वाटलं आता येत नाय. आणि आला. एकदम घरात, दार न वाजवता. माझा हात मांडीवर पडलेला मी नंतर बघितला.

उपमा झाला, पाहुणे बस पकडायला गेले. मी कपबशा गोळा करत राहिलो, कारण बाहेर पडलो की परत आत यायला मिळेल असं वाटत नव्हतं. काका खुर्चीत बसले.

"टर उडवलीस माझी?"

"नाय काका. शपथ. कॅसेटमधनं शिकलो. मला वाटलं तसं करायचं असतं."

काका भिंतीकडे बघत बोलले, "आमची ही होती तेव्हा. ती चिडायची, बाईंपेक्षा तुमचाच घसा जास्त ऐकू येतोय म्हणून." मग माझ्याकडे वळले. "म्हणजे इतके दिवस तू गाणं सोडून माझं खोकणं ऐकत होतास?"

"आज गाणं ऐकलं, काका. हात पडला."

"बघितलं मी."

मी कपबशा मोरीत ठेवल्या. "मग रविवारी येऊ?"

"ये," काका बोलले. "तोंड घरी ठेवून ये."