दोन अक्षरांतले धवले

उरणला बंदराजवळच्या एका कंपनीचे सर्व्हर मी सांभाळतो. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, एंटर मारायचा, की काम होतं. आमच्यात माऊसला हात लावणारा माणूस जरा कच्चाच समजतात. साधी मजकुराची फाइल उघडायची तरी तिचा लांबलचक पत्ता लिहावा लागतो, आणि त्याचा मला पहिल्यापासून कंटाळा. म्हणून शेलला, म्हणजे त्या आज्ञा समजून घेणाऱ्या प्रोग्रॅमला, मी टोपणनावं शिकवून ठेवली आहेत. दोन अक्षरं टाइप केली की हवी ती फाइल पुढ्यात हजर. ऑफिसात याबद्दल माझी थोडी ख्याती आहे आणि ती मी मुळीच लपवत नाही.

माझी आई धवलारीण. आमच्याकडे लग्नाला भटजी येतो, पण मांडवाला नि हळदीला धवलारणीनं धवले गायल्याशिवाय जुनी माणसं लग्न लागलं असं मानत नाहीत. आईला अक्षरओळख नाही, सगळे धवले तोंडपाठ. गेल्या वर्षापासून ती गाता गाता अडायला लागली. मग चुलीवर ठेवलेलं विसरू लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे वाढतच जाणार, असं सरळ सांगितलं. त्याच सुमारास माझ्या पुतणीचं लग्न ठरलं. आईनं एकच हट्ट धरला, "माज्या नातीची हलद मीच गानार. दुसरी बाय बोलवाल तर बगा."

मला जे एक येतं तेच मी केलं. आईला ओटीवर बसवून एकेक धवला टाइप करून घेतला. प्रत्येक विधीची वेगळी फाइल, प्रत्येक फाइलला दोन अक्षरांचं टोपणनाव. ती अडली की फाइल उघडायची आणि पुढची ओळ सांगायची, एवढा साधा बेत. पण फाइल उघडायची पहिल्या ओळीवर आणि आई अडायची मध्ये. मी ओळ शोधेपर्यंत ती अंगणातल्या कोंबड्या हाकलायला निघालेली असायची. मग एक रविवार घालवून मी शॉर्टकट सुधारला. टोपणनावापुढे तिनं गायलेला शेवटचा शब्द टाकला की फाइल नेमकी त्या ओळीवर उघडायची. मी खुशीत बायकोला दाखवायला गेलो. ती म्हणाली, "आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. सकाळची गोळी दिली काय त्यांना?"

दिली नव्हती.

शॉर्टकट मात्र झकास चालला. फाइल पापणी लवायच्या आत उघडायची, मी ओळ वाचायचो आणि आई माझ्या तोंडाकडे बघत राहायची. चालीवाचून ती ओळ तिला ओळखूच यायची नाही. धवला मधून धरता येत नाही. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची आणि पुन्हा तिथंच अडायची. मला राग यायचा. तिच्यावर यायचा, हे सांगायला लाज वाटते, पण यायचाच.

मांडवाच्या धवल्यात गावच्या देवांना आवतण देतात आणि त्यांच्यामागून घरातल्या पितरांना, एकेकाचं नाव घेऊन. कुणी राहिला तर तो रुसतो म्हणतात. बाबा गेल्यानंतरचं आमच्या घरातलं हे पहिलंच लग्न, म्हणून शेवटी त्यांच्या नावाची ओळ मीच घातली. एरवी सासऱ्याचं नाव आई तोंडातून काढत नाही, पण धवल्यात ते घ्यावंच लागतं. आजोबांपर्यंत ती बिनचूक यायची आणि मग गप्प. मला वाटलं, जन्मभर नवऱ्याचं नाव घेतलं नाही, आता कसं घेणार! मला तिचं फार गोड वाटलं.

"आये, तेवढी ओळ मी बोलतो, तू पुढं चल," असं म्हणून मी बाबांचं नाव मोठ्यानं वाचलं.

आई एकदम भडकली. "जित्या मानसाला पितरांन बसवतंस? तुजा बापूस मिठागराव जेलाय. काड तो नाव!"

मिठागर कधीच विकलं, तिथं आता कंटेनरचं यार्ड आहे. बाबांना अग्नी मी दिला होता आणि आई तेव्हा तिथंच होती. तिच्यादेखत मी ती ओळ पुसली.

मांडवाच्या दिवशी मी लॅपटॉप मांडीवर घेऊन तिच्या मागं बसलो होतो. ती कुठंही अडली नाही. आवाज थकलेला, पण ओळीमागून ओळ येत गेली. आजोबांचं नाव झालं आणि ती सरळ पुढं गेली. चुलत्यानं माझ्याकडं वळून हळूच म्हटलं, "तुज्या बापसाचा नाव ऱ्हायला रं." तिला थांबवायचं कसं, आणि थांबवून सांगायचं काय?

गाणं संपलं तसं बायकांनी तिच्या पाया पडून तिचं कौतुक केलं. नात गळ्यात पडली. पानं मांडली. मी आईला हाताला धरून पहिल्या पंगतीला बसवलं.

"तुजा बापूस अजून कसा नाय आला?" तिनं विचारलं.

"येतील. तू जेवून घे."

"ते आल्याबिगर?" ती म्हणाली, आणि शेजारच्या पानावर कुणाला बसू देईना.