नायक दत्ताची करडई

लेहच्या पुढं, चौदा हजार फुटांवर आमची पोस्ट होती. मी लान्सनायक, गाव ईट. नायक दत्ता जवळच्याच परंड्याचा. इतक्या लांब म्हणजे सख्खा शेजारीच. सहाला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यात सज्ज, साडेसातला चहा, मग पॅट्रोल.

फेब्रुवारीत दत्ताचे डोळे पिवळे दिसू लागले. आधीच्या सुट्टीत त्याला कावीळ झाली होती, ती त्यानं कागदावर येऊ दिली नव्हती.

"सिक रिपोर्ट कर," मी म्हणालो.

"मेडिकल कॅटेगरी घसरंल. हवालदारकी तोंडावर आलीया. गप ऱ्हा."

मी वर कळवलं नाही.

खालच्या गावात एक म्हातारे तिबेटी वैद्य होते. तिकडं वैद्याला अमची म्हणतात. रविवारी आम्ही गेलो. त्यांनी दोन्ही हातांची नाडी बराच वेळ पाहिली आणि मोडक्या हिंदीत तीन गोष्टी सांगितल्या. लिव्हर आतून घट्ट होतंय, औषधानं थोडा आळा बसेल. रम बंद. आणि तुमच्या डॉक्टरकडं जायचंच.

दहा-बारा वनस्पती त्यांनी कुटायला काढल्या. त्यात लाल-पिवळ्या पाकळ्या होत्या. दत्ता हसायलाच लागला.

"आरं, ही तर आपली करडई! काखंत कळसा अन् गावाला वळसा. वावर भरून हाय की!"

पंधरा दिवसांत चूर्ण संपलं. दत्ता पुन्हा अमचींकडं गेला नाही, डॉक्टरकडंही नाही. त्यानं सांगितलं म्हणून मीच त्याच्या बायकोला, वहिनींना फोन केला, "औषधाला करडईच्या पाकळ्या पाठवा." पार्सल आलं. दत्ता रोज काढा प्यायचा. रमही चालूच होती. आम्हा शेतकऱ्याच्या पोरांना वाटलं, आपल्या रानातलं आहे, लागू पडणारच.

मे महिन्यात पॅट्रोलवर अकरा दहाला दत्ता खाली बसला. रक्ताची उलटी झाली.

"कॅज्युअल्टी एक. रक्ताची उलटी. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"कारण सांगा. ओव्हर."

मी बटण दाबलं. "लिव्हर. फेब्रुवारीपासून. ओव्हर."

हेलिकॉप्टर बारा पंचवीसला आलं, मीही सोबत गेलो. तिसऱ्या दिवशी दत्ता हॉस्पिटलातच वारला. लिव्हरभर वण पडले होते. "आधी का आणलं नाही?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं. मी सावधानमध्ये उभा होतो. अमचींचा दोष नाही. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या, आम्ही सोपी तेवढी उचलली. याची मला आजही लाज वाटते.

दत्ता आजारानं गेला, म्हणून शहिदांच्या फलकावर त्याचं नाव नाही. मी दरवर्षी मे महिन्यात परंड्याला जातो. पहिल्या वर्षी वहिनींनी पाणी दिलं आणि उंबऱ्यापाशी बसल्या. पाकळ्या वेचताना काट्यांनी ओरखडलेल्या बोटांवर अजून वण होते.

"भावजी, पाकळ्या कमी पडल्या का ओ? म्या आजून धाडल्या आसत्या."

"न्हाय वहिनी," मी म्हणालो. "तुमचं काय बी कमी पडलं न्हाय. मला समदं ठावं हुतं, अन् म्या बोललो न्हाय."