चिठ्ठीवरचं नाव

समस्त विज्ञानप्रेमी जनतेस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, ठाण्याच्या खाडीतला एक नवा खेकडा नौपाड्यातल्या एका साहेबांनी पायाला चिखल न लागू देता शोधून काढला. चिखल माझ्या पायाला लागला होता. सगळं त्यावरूनच घडलं.

स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली होती. डेन्मार्कचे एक प्राध्यापक साहेबांच्या घरी आले होते. दोन देशांनी मिळून खाडीतल्या जीवांचा अभ्यास करायचा, असं ठरत होतं. ओटीवर फोटोवाला तयार. मी खेकड्यांची बादली घेऊन अंगणात. प्राध्यापकांनी हाताने खूण केली, तूही ये. मी एक पायरी चढलो.

"खाली उतर," साहेब म्हणाले. "फरशी आत्ताच पुसलीय. आणि फोटोत तुझं काय काम?"

उतरलो. फोटो निघाला.

मी मिठागरावरचा. बापाने जन्मभर मीठ ओढलं. मी मॅट्रिक झालो आणि साहेबांच्या घरच्या प्रयोगशाळेत हमाल म्हणून लागलो. ओहोटीला खाडीत उतरायचं, बिळात कोपरापर्यंत हात घालायचा, नांगीचा चिमटा सोसायचा. पांढऱ्या ठिपक्याचा तो खेकडा मीच वेगळा काढला होता. "नेहमीचाच आहे, फेकून दे," असं साहेब तेव्हा म्हणाले होते. मी फेकला नाही.

चहा पिताना प्राध्यापकांनी विचारलं, भरतीच्या वेळी हा कुठे जातो? साहेबांनी कपात पाहिलं. मग खिडकीतून मला, मराठीत, "अरे, भरतीला कुठे जातो रे हा?"

"बिळातच बसतो. तोंडाला चिखलाचं बूच लावून."

साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं. सुरुवात 'मी स्वतः पाहिलंय की' अशी. तेवढं इंग्रजी मॅट्रिकला शिकवतात, हे ते विसरले.

दुसऱ्या दिवशी चाळीस बाटल्या परदेशी जायच्या होत्या. प्रत्येक बाटलीत खेकड्यासोबत एक चिठ्ठी असते. स्पिरिटमध्ये शाई टिकत नाही, म्हणून पेन्सिलीने लिहिलेली. जागा, तारीख, आणि पकडणाऱ्याचं नाव. तिकडचे विद्वान त्याच चिठ्ठीवर विश्वास ठेवतात. तीन वर्षं मी तिथे साहेबांचं नाव लिहीत आलो होतो. वळणदार अक्षरात. गाढवासारखं.

त्या दुपारी माझं लिहिलं. चाळीस वेळा. चिठ्ठ्या आत, बुचं घट्ट, वरून मेण. गरम मेण बोटांवर सांडलं.

सकाळी दाराशी टांगा उभा. प्राध्यापकांनी एक बाटली उजेडात धरली, काचेतून नाव वाचलं आणि साहेबांना विचारलं, "हे कोण?"

"मी," मी इंग्रजीत म्हणालो.

साहेबांनी माझा दंड धरला. आवाज दाबून म्हणाले, "बाटल्या उघड. चिठ्ठ्या बदल. आत्ताच्या आत्ता."

"नाही उघडणार. हे मी पकडलेत. यापुढे खाडीतला एकही जीव तुमच्या नावाने बाटलीत घालणार नाही. दुसरा माणूस बघा."

नोकरी गेली, हे मला कळत होतं. घरी काय सांगायचं, ते ठरलं नव्हतं. पण माझं नाव माझ्या हाताने पुसायचं नाही, एवढं ठरलं होतं. कायमचं.

प्राध्यापक उत्तरासाठी थांबले होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि भर ओटीवर मोठ्याने बोलून गेले, "अरे, मग यात मी काय केलं म्हणून सांगू?"