डिप्लोमा नको म्हणून मी केलेली सही

माझ्या नातीला मिळालेली जागा मी एका शनिवारी सकाळी दादरला जाऊन, पूर्ण शुद्धीत असताना, स्वतःच्या सहीने परत केली. मला कुणी फसवलं नाही, कुणी जबरदस्ती केली नाही. चष्मासुद्धा लावलेला होता.

सायली माझी नात. मुलाची मुलगी, एकुलती एक. दादरला फादर लोकांच्या शाळेत शिशुवर्गापासून शिकली आणि दहावीला चौऱ्याण्णव टक्के घेऊन आली. काळाचौकीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी स्वतः जिने चढून पेढे वाटले. (तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या घराशी आमचं दहा वर्षं बोलणं नाही, तिथे दोन दोन दिले. मुद्दाम.)

पेढ्यांचा खोका संपायच्या आत माझा मुलगा प्रकाश म्हणाला, "आई, सायलीचं ठरलं. त्याच शाळेत डिप्लोमा घेणार ती."

मी तोंडाकडे नेलेला पेढा खाली ठेवला.

"काय घेणार?"

"डिप्लोमा."

"चौऱ्याण्णव टक्क्यांना?"

आमच्या घरात डिप्लोमा हा शब्द कुणी सहसा उच्चारत नाही. कारण हाच प्रकाश दहावीला बेचाळीस टक्के घेऊन घरी आला, तेव्हा ह्यांनी त्याला डिप्लोमाला घातला होता. मशिनींचा. तीन वर्षांचा कोर्स तो पाच वर्षं करत होता आणि तरी पुरा झाला नाही. शेवटी कॉलेजच कंटाळलं. आमच्या गिरणगावात सगळ्यांना माहीत होतं, हुशार पोरं अकरावीला जातात, बाकीची डिप्लोमाला.

"आई, हा तसला डिप्लोमा नाही गं," प्रकाश म्हणाला. "इंटरनॅशनल आहे."

म्हणजे आणखीनच वाईट! इंटरनॅशनल डिप्लोमा काय असतो ते मला चांगलं ठाऊक होतं. माझ्या चुलत दिराचा मुलगा फिटरचं शिकून मस्कतला गेला. गेला तेव्हा डोक्यावर केस होते. परत आला तेव्हा सख्ख्या आईने त्याला विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

"पोरीला मस्कतला धाडताय?" मी विचारलं.

"आता मस्कत कुठून आलं?" माझी सून मनीषा स्वयंपाकघरातून ओरडली.

सायली माझ्या शेजारी येऊन बसली. "आजी, कुठे नाही जायचं गं. दोन वर्षं इथेच, दादरला. फक्त खूप कडक असतं. सहा विषय, वर चार हजार शब्दांचा एक निबंध, आणि सर्व्हिसपण करावी लागते."

"कसली सर्व्हिस?"

"सर्व्हिस गं. बाहेर लोकांकडे जाऊन करायची. ती नाही केली तर डिप्लोमाच मिळत नाही."

झालं! माझी खात्री पटली. आमच्याकडे सर्व्हिस दोनच प्रकारची असते. एक म्हणजे नोकरी आणि दुसरी एसीची. सोळा वर्षांच्या पोरीला नोकरी कोण देणार? म्हणजे एसीचीच. माझी चौऱ्याण्णव टक्केवाली नात कमरेला दोरी बांधून, हातात पाना घेऊन लोकांच्या खिडकीबाहेर लोंबकळणार, आणि खाली उतरली की त्यावर चार हजार शब्दांचा निबंध लिहिणार!

मी म्हटलं, "सरळ अकरावी सायन्सला घाला तिला."

प्रकाश म्हणाला, "आई, तुला नाही कळायचं."

हे वाक्य मला बोलून आजपर्यंत कुणाचं भलं झालेलं नाही.

शेजारच्या शालनला मी सगळं सांगितलं. शालन आठवी पास आहे, मी चौथी. त्यामुळे शिक्षणाच्या बाबतीत मी तिचं ऐकते.

"काकू, फिटर?" ती छातीला हात लावून म्हणाली. "सायली? तिला तर घरातला बल्ब बदलता येत नाही!"

"तेच तर! शनिवारी एक वाजता शाळेत यादी लागणार म्हणत होती."

"मग यादी लागायच्या आधी नाव काढून घ्या. एकदा यादीत गेलं की अडकलं. चला, मी येते तुमच्याबरोबर. मला हिंदी येतं."

शनिवारी सकाळी प्रकाश कामावर गेला. मनीषा मासळी बाजारात गेली. सायली तर पहाटेच शिवडीला गेली होती. तिला एक भलताच नाद आहे. तिथल्या खाडीकाठच्या चिखलात जायचं आणि किडे, खेकडे, पक्षी बघून वहीत लिहायचं. घरात झुरळ निघालं की ती त्याला मारू देत नाही, आधी मोजते. असो. मी इस्त्रीचं पातळ नेसले आणि शालनला घेऊन दादरची बस पकडली.

ऑफिसात आखूड केसांच्या एक बाई बसल्या होत्या. शालनचं हिंदी सुरू व्हायच्या आधी माझंच सुरू झालं.

"मॅडम, हमको डिप्लोमा नहीं मंगता."

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आप को?"

"हमको मतलब हमारी लडकी को. उसका नाम काढो."

"शुअर?" त्यांनी विचारलं.

"शुअर, शुअर!" शालन मागून म्हणाली. तिचं तेवढंच हिंदी कामाला आलं आणि तेही इंग्रजी होतं.

बाई म्हणाल्या, आईवडिलांची सही लागेल नाहीतर पालक म्हणून नोंद असेल त्यांची. मी म्हटलं, काढा फाइल. त्यांनी काढली आणि त्यात पालकाच्या जागी माझीच सही! आमची दोघं नोकरीवाली. त्यामुळे शिशुवर्गापासून पोरीला शाळेत सोडलं मी, आणलं मी आणि डायरीत सह्या केल्या त्याही मीच. "ताप आला होता", खाली माझी सही. "गावी गेलो होतो", खाली माझी सही. "पुन्हा वर्गात बेडूक आणणार नाही", खाली सायलीची सही, त्याच्या खाली माझी सही.

बाईंनी पुढ्यात कागद ठेवला. इंग्रजीत होता. त्यांनी एका रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "यहाँ रीझन लिखो." मी मराठीत एका ओळीत कारण लिहिलं, त्याखाली नाव, त्याखाली सही. अक्षर इतकं चांगलं आलं, की मी तो कागद हात लांब करून दोनदा बघितला.

येताना शालनला रसवंतीत नेऊन उसाचा रस पाजला. एवढं मोठं काम पार पडलं होतं.

घरी पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. मनीषा बांगडे साफ करत होती. सायली नुकतीच आली होती, गुडघ्यापर्यंत चिखलात.

"काम करून आले," मी म्हटलं.

"कसलं काम?" मनीषाने विचारलं.

"शाळेत जाऊन हिचं नाव काढून आले. लेखी दिलंय. आता सुखाने अकरावीला जाऊ दे."

मनीषाची सुरी थांबली. सायली ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. ती तशीच चिखलाच्या पायांनी मटकन लादीवर बसली. लादी मनीषाने नुकतीच पुसली होती आणि तरी मनीषा एक शब्द बोलली नाही. तेव्हा मला कळलं, की प्रकरण मोठं आहे.

"आजी," सायली म्हणाली, "आख्ख्या शाळेत एकच जागा होती फी माफ असलेली. ती मला मिळाली होती. आता वेटिंगवरच्या मुलीला देतील. एक वाजता यादी लागली की संपलं."

"पण तो फिटरचा डिप्लोमा..."

"कुठला फिटर?"

"मस्कतचा!"

"आजी, डिप्लोमा हे नुसतं नाव आहे! बारावीच आहे ती, पण बारावीहून कठीण. ती झाली की कुठल्याही मोठ्या कॉलेजात जाता येतं. मला शिवडीच्या चिखलावर निबंध लिहायचा होता त्यात. कुठल्या दुसऱ्या शाळेत चिखलावर लिहू देतात?"

"आणि सर्व्हिस? ती एसीची नाही?"

"समाजसेवा गं! म्हाताऱ्या माणसांना मदत वगैरे करायची!"

त्या घडीला आमच्या घरात एका म्हाताऱ्या बाईला मदतीची फारच गरज होती.

मी पायातल्या चपला अजून काढल्या नव्हत्या. "ऊठ," मी म्हटलं. "चल. सही माझी आहे, मीच खोडते."

टॅक्सीत आम्ही चौघी. मनीषाच्या हातांना बांगड्यांचा वास, सायलीच्या पायांना खाडीचा. शालन का आली ते मला माहीत नाही, बहुतेक शेवट बघायला. लालबागच्या नाक्यावर गाडी जी अडकली ती हलायचं नाव घेईना. ड्रायव्हर नाकाला रुमाल लावून म्हणाला, "मावशी, मच्छी उतारने का है क्या किधर?"

"तू गाडी हाक रे मेल्या!"

"मी तेव्हाच म्हणत होते काकू," शालन म्हणाली, "आधी नीट विचारून घ्या."

मी तिच्याकडे नुसतं बघितलं. ती पुढे दादर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

शाळेत पोचलो तेव्हा एकला दहा कमी होते. ऑफिसातल्या बाई छापलेली यादी आणि टाचण्यांची डबी घेऊन फळ्याकडेच निघाल्या होत्या. मी त्यांच्या आडवी उभी राहिले.

"मॅडम, वो कागज वापस देव!"

"वो तो फादर के पास गया."

फादरच्या केबिनच्या दारावर टकटक करायची पद्धत असते, असं मनीषा मागाहून म्हणाली. आत पांढऱ्या झग्यातले म्हातारे फादर फोन कानाला लावून बसले होते. काय बोलायचं त्याचा माझा जप टॅक्सीतच झाला होता. मी सुरू केलं, "फादर, हमसे बहुत बडा गलती हो गया, लडकी का कुछ दोष नहीं, हमारा भेजा..."

"आजी, बसा आधी," फादर म्हणाले. "पाणी घ्या. आणि मराठीत बोला. मी वसईचा आहे."

मी बसले. पाणी मनीषा प्यायली. मी मराठीत सगळं सांगितलं, फिटर, मस्कत, एसी, काही लपवलं नाही. फादरांनी मान खाली घातली. मला वाटलं प्रार्थना करतायत. खांदे हलत होते.

मग त्यांनी ड्रॉवरमधून माझा कागद काढला आणि मोठ्याने वाचला. "कारण: मुलगी हुशार आहे. तिला याची गरज नाही."

सायलीने डोळे मिटून घेतले.

"आजी, मी किती वर्षं शाळेत काढली, मलाच आठवत नाही," फादर म्हणाले. "जागा सोडणारे खूप पाहिले. कुणी घर बदलतं, कुणी गाव बदलतं. मुलगी हुशार आहे म्हणून जागा नको, असं कुणी लिहून दिलं नव्हतं. म्हटलं, हे लिहिणाऱ्याला एकदा विचारल्याशिवाय सही करायची नाही. आता तुमच्याच घरी फोन लावत होतो. कुणी उचलत नाही."

"आम्ही सगळ्या टॅक्सीत होतो," शालन म्हणाली.

"म्हणजे सायलीचं नाव..." मनीषाला पुढे बोलवेना.

फादरांनी आमच्यामागोमाग आत आलेल्या ऑफिसातल्या बाईंच्या हातातली यादी घेऊन आमच्यापुढे धरली. नाव होतं. हललंच नव्हतं. त्यांनी माझा कागद उभा फाडला, मग आडवा फाडला. सायली एवढी जोरात हुश्श म्हणाली, की टेबलावरचे कागद उडाले. माझ्या छातीवरून तर गिरणीचा भोंगा उतरल्यासारखं वाटलं. तोही चालू.

"रडू नकोस," मी सायलीला म्हटलं. (ती रडत नव्हती. कुणीतरी रडत होतं.)

"आजी, काळजी सोडा," फादर म्हणाले. "ही मुलगी नाव काढणार बघा."

"फादर," मी म्हटलं, "आता पुन्हा नाव काढायचं नावसुद्धा काढू नका!"

निघताना त्यांनी मनीषाला विचारलं, "आज घरी सुरमई वाटतं?"

"बांगडे," मनीषा लाजून म्हणाली.

"तरीच," वसईचा माणूस म्हणाला.

संध्याकाळी प्रकाश घरी आला. त्याला कुणी सांगायचं यावर आमचं बोलणं चाललं होतं, तोवर शालनने त्याला जिन्यातच गाठून सांगितलं होतं. मी शिव्या खायच्या तयारीने बसले. तो आला, पंखा लावला आणि म्हणाला, "बरं झालं आई. या घरात डिप्लोमा घालवणारा मी एकटाच नाही."

सायलीचे वर्ग सुरू झाले. खरंच कडक आहे. पोरगी मान वर करत नाही. त्यात त्यांना एक विषय आहे, आपल्याला एखादी गोष्ट कळलीय हे आपण कशावरून ठरवतो, असा. (फी घेऊन असलं शिकवतात!) पहिल्याच आठवड्यात सरांनी लिहायला सांगितलं, पूर्ण खात्री असलेला माणूस पूर्णपणे कसा चुकतो, याचं घरातलं एक उदाहरण द्या. बाकीच्या पोरांनी कुठून कुठून शोधून आणलं. आमच्या सायलीला शोधावं लागलं नाही.

सरांनी तिचे ते दोन कागद वर्गात वाचून दाखवले. एवढे आवडले, की पुढच्या वर्षीच्या मुलांना शिकवायला ठेवून घेतले.

शिकून मोठी झालेली माणसं जगात पुष्कळ असतील. चौथीत शाळा सोडून इंटरनॅशनल अभ्यासक्रमाला लागलेली मी एकटीच!