साळव्यांचा बुद्ध, डीलरची वेबसाइट

“मॅडम, येवढा फोटो तेवढा पुसून द्या.”

साळवे माझ्या टेबलापुढे उभे होते. हातात प्रिंटआउट. त्यावर बुद्धाची मूर्ती, खाली पुण्यातल्या मूर्ती विकणाऱ्या एका डीलरचं नाव आणि इंग्रजीत ‘आमच्या वर्कशॉपमध्ये घडवलेली’ अशी ओळ.

“अहो, हे डीलरच्या वेबसाइटवरचं पान आहे. ते मी इथून कसं पुसणार?”

“तुमच्याकडं कॉम्प्युटर हाय ना?”

हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सावेडीत माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि दारावर ‘वेबसाइट बनवून मिळेल’ अशी पाटी. वर्षभरात दोन गिऱ्हाइकं आली. एक मंगल कार्यालय आणि दुसरे माझे दीर.

साळवे पाथर्डी तालुक्यातले शिल्पकार. विहारांसाठी बुद्धमूर्ती करायचे. फोटोतली मूर्ती त्यांनीच शेवगावकडच्या एका गावात बसवलेली. ती जालन्याच्या बाजूच्या एका विहार समितीच्या अध्यक्षांनी, वाघमारे गुरुजींनी पाहिली आणि ते साळव्यांना शोधत आले. दहा फुटी मूर्ती करायची होती. साळव्यांनी आयुष्यात एवढं मोठं काम केलं नव्हतं. पण गुरुजींच्या मुलाला पुण्यात इंटरनेटवर हे पान सापडलं. समितीतली निम्मी मंडळी नोकरीनिमित्त बाहेरगावी. त्यांचं म्हणणं, नेटवर डीलरचं नाव आहे म्हणजे मूर्ती त्याच्याच कारागिरांनी केलेली. पंधरा दिवसांत निर्णय होणार होता.

“मूर्ती बसवलीय त्या गावकऱ्यांना विचारा म्हणावं,” मी सुचवलं.

“म्हनलो की. गुरुजी म्हनले, ते तुमचे पाव्हणेरावळे, तुमच्याच बाजूनं बोलनार.”

“मूर्तीवर सही असेल ना?”

साळव्यांनी कानाला हात लावले. “बुद्धाच्या पायाशी माझं नाव? लोक तिथं डोकं टेकत्यात, मॅडम. आमच्यात कुनी करत न्हाई तसं.”

माझं डोकंच फिरलं. “मग बसा हात जोडून! सही करायची नाही, नाव सांगायचं नाही, आणि डीलरनं ढापलं की माझ्याकडे यायचं!” पण बोलता बोलताच सुचलं. मूर्तीवर नाव नको ना? मग मूर्तीबाहेर लावू. त्यांची स्वतःची वेबसाइट करू.

साळव्यांना समजावलं, “डीलरची वेबसाइट म्हणजे त्याचं दुकान. तिथं तो म्हणेल ते खरं. आपण तुमचं दुकान उघडू. तिथं तुम्ही बोलायचं.”

चार दिवस खपून मी पान तयार केलं. दोन्ही बाजूंना फिरती कमळं, लुकलुकणारं ‘वेलकम’ आणि किती लोक येऊन गेले ते मोजणारा काउंटर. त्या काळी आम्हाला हेच लई भारी वाटायचं. साळव्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

“चांगलं हाय. पण मॅडम, मूर्ती कुठंय?”

होती, कोपऱ्यात. तिकिटाएवढी.

सगळं काढून टाकलं. पुन्हा बसले. मूर्तीचा नुसता फोटो लावून उपयोग नव्हता, तो डीलरकडेही होता. मग साळव्यांना त्यांच्या कामाची पद्धत विचारली. आधी मातीत मूर्ती करायची, तिच्यावरून साचा घ्यायचा, साच्यातून पक्की मूर्ती. साचा घेण्याआधी ते गावाला बोलावतात. बायाबापड्या येतात, मातीतला चेहरा बघतात, सुचवतात. ते पटलं तर साळवे तिथल्या तिथं बदल करतात. गाव ‘व्हय’ म्हणेपर्यंत साचा नाही. आणि त्या दिवशी गावाला हौस म्हणून फोटोग्राफर असतोच!

“ते फोटो कुठायत?” मी जवळजवळ ओरडलेच.

“घरी. पत्र्याच्या पेटीत.”

दुसऱ्या दिवशी ते पेटीच घेऊन एसटीनं आले. ओल्या मातीतला बुद्ध, भोवती अख्खं गाव, आणि कोपरापर्यंत चिखलात माखलेले साळवे. मूर्ती तीच. एका फोटोत तर एक आजी बुद्धाच्या ओठाकडे बोट दाखवतायत. “हसू कमी हाय म्हनल्या. बरोबर हुतं त्यांचं,” साळवे म्हणाले.

फोटो स्कॅन केले. मातीपासून विहारापर्यंत क्रमानं लावले. मराठी अक्षरांचे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चौकोन दिसायचे, म्हणून मजकूर इंग्रजीत. वर साळव्यांचं नाव, गाव आणि त्यांच्या शेजारच्या दुकानाचा फोन, खाली माझ्या क्लासचा. मग गुरुजींना पत्र टाकलं.

आठवड्यात क्लासवर फोन आला. डीलर. समितीतल्या कोणाकडून तरी त्याला आमची साइट कळली होती.

“आमच्या मूर्तीचे फोटो काढा.”

“तुमच्या? मग मातीतला एखादा पाठवा ना. तोही लावते.”

“कसली माती?”

“साळव्यांनी असं विचारलं नसतं,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

दोनच दिवसांत त्याच्या साइटवरून ते पान गेलं. साळवे पेढे घेऊन आले. “पुसलात ना शेवटी!” कितीही सांगितलं तरी ते मीच पुसलं असं त्यांना आजही वाटतं.

गुरुजींनी पुण्यात मुलाच्या ऑफिसात साइट पाहिली. तेव्हा फोटो वरून खाली इंचाइंचानं उतरायचा. गावकरी दिसले, मातीतलं डोकं आलं, खांदे आले आणि लाइन तुटली. “तेवढ्यावरच ठरवलं,” गुरुजींनी मला नंतर सांगितलं. दहा फुटी बुद्ध साळव्यांनी केला.

विहाराच्या उद्‌घाटनाला मीही गेले होते. आमच्या शेजारीच एका बाईंनी मूर्तीपुढे डोकं टेकलं आणि उठताना विचारलं, “कुनी घडवली ओ?” साळवे तिथंच उभे, हात जोडून. मी भडकले.

“अहो, सांगायचं होतंत की!”

“त्या पाया पडायला आल्यात, मॅडम. ज्याला घडवून घ्यायचीय, तो बघंल नेटवर.”

नंतर कितीतरी चित्रकार-शिल्पकारांना मी स्वतःची साइट करा म्हणून सांगितलं. ‘कामच बोलतं’ असं म्हणून बहुतेकांनी मला वाटेला लावलं. बोलत असेल. पण कोणाच्या दुकानात बसून बोलतं, ते एकदा बघून यावं.